दोन बोटं जास्त

सरकारी विद्यार्थी कर्जाच्या अर्जात एकूण चौऱ्याण्णव प्रश्न होते. मोजपट्टीने ते मोजले होते. त्यांतल्या एकेचाळीस प्रश्नांची उत्तरं सरकारला आधीपासून ठाऊक होती, कारण ती सरकारनेच केव्हा ना केव्हा तिला शिक्का मारून दिली होती: जन्मतारीख, शाळेचा क्रमांक, परीक्षेचे गुण, लशी कधी टोचल्या ते. सतरा प्रश्न आधी विचारलेलंच पुन्हा विचारत होते. माणूस कंटाळून दुसऱ्या खेपेला तरी खरं सांगेल, असा अर्ज तयार करणाऱ्याचा होरा असावा. उरलेल्या छत्तीसांपैकी एकाही प्रश्नात तिला रसायनशास्त्र का शिकायचं आहे याची चौकशी नव्हती. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. ज्याचं उत्तर आपल्याला कळणार नाही ते विचारू नये, एवढा पोच तरी अर्जाला होता.

मोजपट्टी हे तिचं घरातलं नाव, बाबांनी ठेवलेलं. बाबा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होते, म्हणजे लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरून, वरच्या थरावर खडूने आखून, एका दमात चाळीस सदरे कापणारे. मुलगी चार वर्षांची असताना त्यांची टेप गळ्यात घालून घरभर फिरायची आणि उशी, बादली, झोपलेल्या पाहुण्यांची नाकं, जे हाती लागेल ते मोजून आकडा ओरडून सांगायची. तेव्हापासून मोजपट्टी. बाबांना मात्र गल्लीत सगळे मास्तर म्हणत, आणि ते तसंच म्हणवून घेत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एकदा चुकून 'काका' म्हटलं, तर पुढे सहा महिने घरातली साखर दोन चौक पलीकडून आली.

कॉलेजने मोजपट्टीला जागा दिली होती. ती सोमवारपर्यंत तिची होती. सोमवारी एक तर पहिल्या वर्षाची सगळी फी भरायची, नाही तर कर्जमंजुरीचं पत्र दाखवायचं. दोन्हीपैकी काहीच नसेल तर यादीतल्या पुढच्या मुलाला फोन जाणार होता. त्या मुलाचे गुण तिच्यापेक्षा पाव टक्क्याने कमी होते. तो पाव टक्का तिने अकरावी-बारावीची दोन वर्षं घासून मिळवला होता.

अर्जाचे दोन भाग होते. पहिला विद्यार्थ्याचा. दुसरा आईवडिलांचा, आणि तो त्यांच्याच फोनवर आलेला आकडा टाकून उघडायचा. हा दुसरा भाग विद्यार्थ्याला दिसत नसे. ज्या मुलीच्या डोक्यावर पुढची बारा वर्षं कर्ज बसणार, तिच्यापासून तिच्याच घरची मिळकत लपवायची, याला त्या खात्यात गोपनीयता म्हणत.

आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. तिने पगाराची चिठ्ठी समोर धरून आपला आकडा सुट्या पैशांसकट टाकला आणि दीड मिनिटात उठली. मास्तरांनी तसं केलं नाही. रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते फोन घेऊन बसले. चष्मा पुसला. मुलीला आतल्या खोलीत जायला सांगितलं. पाऊण तास लागला. बाहेर आले ते भाषण ठोकून आलेल्या माणसासारखे, हात मागे बांधून.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. 'कुटुंब स्वबळावर शिक्षणखर्च करण्यास सक्षम आढळले. कर्ज नामंजूर. अभिनंदन.'

मोजपट्टीने ते तीनदा वाचलं. अभिनंदन हा शब्द तिने चौथ्यांदाही वाचला.

"बाबा, पगार किती लिहिलात?"

"छत्तीस हजार."

"बत्तीस आहे ना?"

"बत्तीसच. वर जरा सोडलं."

मास्तरांचं म्हणणं असं होतं की कापताना नेमक्या मापावर कापणारा माणूस मूर्ख. शिवणीसाठी इकडे दोन बोटं, तिकडे दोन बोटं जास्त धरायची. सदरा सैल झाला तर आत घेता येतो, आखूड पडला तर कपाळाला हात. अर्जातही त्यांनी तेच केलं. इकडे दोन हजार, तिकडे दोन हजार. पुढे सरकारला कमी करावंसं वाटलं तर करील. आणि कर्ज म्हटलं की समोरचा आपली ऐपत बघतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कफल्लक माणसाला कोण उभं करतं?

मोजपट्टीला वाद घालावासा वाटला, पण एका बाबतीत तिचा नाइलाज झाला: ऐपतीचा मुद्दा बरोबर होता. जगातला कुठलाही सावकार फेडणारा माणूस शोधतो. फक्त या खात्याला असा माणूस हवा होता, जो आज भरू शकणार नाही इतका गरीब आहे आणि उद्या नक्की फेडील इतका श्रीमंत. त्याची सीमारेषा त्यांनी घरात सर्वांत जास्त कमावणाऱ्याच्या महिना पस्तीस हजारांवर आखली होती. मास्तर एका हजाराने श्रीमंत निघाले.

चूक दुरुस्त करायची सोय होती. तिचं नाव 'उत्पन्न पुनर्विचार', आणि तिला अकरा कागद लागत. यातली मेख मोजपट्टीच्या पहिल्या वाचनातच ध्यानात आली. छत्तीस हजार लिहिले तेव्हा खात्याने एका कागदाचीही मागणी केली नव्हती. डोळे मिटून विश्वास ठेवला होता. आकडा खाली आणायचा म्हटल्याबरोबर त्याच माणसावर अकरा कागदांचा संशय. माणूस वरच्या बाजूला खोटं बोलूच शकत नाही, असं त्या खात्याचं गृहीतक होतं. ज्याने ते गृहीतक मांडलं त्याने आयुष्यात एकही बाप पाहिला नसावा, असं तिने आईला म्हणून दाखवलं. आई चादरीची घडी घालत राहिली.

दहा कागद मोजपट्टीने चार दिवसांत जमवले. अकरावा कारखान्याचं पत्र, हुद्दा आणि पगार लिहिलेलं. ते मास्तरांनी आणायचं होतं.

मास्तर रोज सकाळी आणतो म्हणून जात आणि संध्याकाळी कारण घेऊन येत. मोजपट्टीने ती कारणं वहीत तारखेनिशी उतरवली. मालक बाहेरगावी. शिक्का कपाटात, किल्ली मालकाच्या मेहुण्याकडे. प्रिंटरची शाई संपली. मेहुणा आजारी. प्रिंटरची शाई पुन्हा संपली. नवव्या दिवशी तिने वही त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं की पाच दिवसांत दोनदा शाई संपते म्हणजे तो कारखाना गणवेश शिवतो की वर्तमानपत्र छापतो. मास्तर वहीकडे बघत राहिले आणि उठून आंघोळीला गेले. सकाळची आंघोळ झाली होती, तरी गेले.

गुरुवारी संध्याकाळी पत्र आलं. बंद पाकिटात, पाकिटावर शिक्का. "मालकांनी बंद करून दिलंय. खिडकीवरच उघडायचं," मास्तर म्हणाले. शुक्रवार शेवटचा दिवस होता.

कर्ज कार्यालय म्हणजे पहिल्या मजल्यावरचं एक लांब दालन. भिंतीला लागून आठ खिडक्या, त्यांतल्या तीन उघड्या. मध्ये जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांच्या नऊ रांगा, प्रत्येकीत दहा. पलीकडच्या टोकाला, दाराजवळ, झेरॉक्सचं यंत्र आणि त्याच्या शेजारी हिशेबापुरतं बोलणारा एक गृहस्थ. खिडक्यांना जाड काच होती आणि आतल्या माणसाचा आवाज बाहेर पोचावा म्हणून प्रत्येक खिडकीवर कर्णा बसवलेला. बाहेरच्याचा आवाज आत जायला मात्र काचेखाली बोटभर फट. परिणामी अर्जदार कंबरेत वाकून फटीशी पुटपुटत, आणि त्यांना मिळालेलं उत्तर नव्वद खुर्च्यांना ऐकू जाई. बसल्या बसल्या मोजपट्टीला कळलं की पिवळ्या सदऱ्यातल्या मुलाचे आईवडील वेगळे राहतात, एका बाईंच्या नवऱ्याच्या नावावर दोन गाड्या आहेत आणि एका मुलीला गणितात दोनदा अपयश आलंय. गोपनीयतेचं खातं ते हेच.

सहा नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी पाकीट उघडलं. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पत्र वाचलं, जुना अर्ज पडद्यावर काढला, पुन्हा पत्र वाचलं.

"हुद्दा कटिंग मास्तर," कर्णा म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वीही कटिंग मास्तर. तोच कारखाना. आणि पगार छत्तीसचा एकवीस?"

मोजपट्टीने बाबांकडे पाहिलं. बत्तीस अपेक्षित होते. मास्तर फटीशी वाकले होते, त्यांची मान तेवढी दिसत होती.

बाईंनी विचारलं की हुद्द्यात काही बदल झालाय का. मास्तर फटीत काहीतरी म्हणाले. बाईंनी समजावलं, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग यायला समोरचा माणूस दिसावा लागतो. हुद्दा तोच आणि पगार पंधरा हजारांनी कमी, म्हणजे कागदावर पगार कमी दाखवून उरलेला हातात घ्यायचा प्रकार. असले रोज चार येतात. हे पत्र असंच लावलं तर अर्ज कायमचा बाद. दुसरं पत्र असेल तर चारच्या आत आणा. पुढचा नंबर.

खुर्चीवर येऊन बसल्यावर मास्तर म्हणाले, "टाइप करताना चूक झालीय त्याची."

"कुठल्या आकड्यात?"

मास्तरांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. मग त्यांनी सांगितलं की चूक आकड्यात नाही.

कारखाना बसने वीस मिनिटांवर होता. त्या वीस मिनिटांत मोजपट्टीने डोक्यात सगळं मांडलं. घरात येत होते एकवीस. मास्तर म्हणत, अकरा हजार कारखान्याच्या भविष्य निधीत कापले जातात, म्हातारपणी एकरकमी मिळतील. गेली दोन वर्षं म्हणत होते. घरात कुणी टीव्ही बदलायचं नाव काढलं की त्या निधीचा दाखला दिला जाई, आणि मोजपट्टीने, जिने अर्जातले प्रश्नसुद्धा मोजले, त्या निधीची एक पावती बघायला मागितली नव्हती. प्रयोगशाळेत कुणी इतका ढिसाळपणा केला असता तर तिने त्याला दाराबाहेर काढलं असतं. तिला आधी बाबांचा राग आला, मग स्वतःचा, आणि दुसरा राग जास्त टिकला.

कापणीचा विभाग तिला लहानपणापासून आठवत होता तो कापडाच्या धुळीचा, कात्रणांच्या ढिगांचा आणि बाबांच्या ओरडण्याचा. आता तिथे निम्म्या हॉलभर एक यंत्र पसरलं होतं. काचेच्या झाकणाखाली सुरी आपसूक फिरत होती, वळणावर हळू, सरळ रेषेत भर्रकन. मोजपट्टी दोन मिनिटं बघत राहिली. कमालीचं सुंदर यंत्र होतं. पडद्यापाशी तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी एक मुलगी उभी होती. यंत्राच्या दुसऱ्या टोकाला कापलेले गठ्ठे बाहेर येत, आणि तिथे एका तिवईवर नंबरांच्या चिकट तिकिटांचं रीळ होतं. तिवईच्या खिळ्याला बाबांचा जेवणाचा डबा टांगलेला.

"काका, आज अर्धी रजा ना तुमची?" पडद्याजवळची मुलगी म्हणाली. "तीन नंबरच्या गठ्ठ्यांना तिकिटं लावायची राहिलीत."

"सोमवारी येऊन लावतो," मास्तर म्हणाले. 'काका' ऐकून त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही.

हजेरी कारकून जिन्याखालच्या खोलीत बसे. त्याने दोघांना बघितलं आणि खुर्ची मागे ढकलून हात डोक्यामागे घेतले. त्याला मजा येत होती, आणि ती लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

"मास्तर, नऊ दिवस माझ्या टेबलाशी उभे राहिलात. हुद्दा जुना टाका, पगार खरा टाका, पोरीच्या कागदावर तेवढी शोभा राहू द्या, म्हणालात. टाकला. आता काय पाहिजे? जनरल मॅनेजर लिहू?"

मास्तर भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होते.

"रजिस्टरात जे आहे ते लिहा," मोजपट्टी म्हणाली.

"रजिस्टरात मदतनीस आहे ताई. दोन वर्षं झाली."

"मग मदतनीस लिहा."

कारकुनाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की वेळापत्रकातली पुढची ओळ वाचायला, ते सांगणं अवघड होतं. कारकुनाने ती हो धरली. शाई भरपूर होती. पत्र एका मिनिटात बाहेर आलं. मालकाचा शिक्का कारकुनाच्याच खणात होता, मेहुणा नावाचा प्राणी त्या कारखान्यात कधी नव्हताच, आणि सहीसाठी तेवढं वर जावं लागलं.

तो वर गेला तेव्हा मोजपट्टीने बाहेर येऊन आईला फोन लावला. मागे धुलाईयंत्रांचा घरघराट होता.

"आई, बाबा मास्तर नाहीयेत."

"हं."

"तुला माहीत होतं?"

आईने कुणाला तरी चादरी बाजूला ठेवायला सांगितल्या. मग म्हणाली, "वीस वर्षं यांच्या खिशातून खडू काढून सदरे धुतेय मी. एक दिवस खडू सापडायचा बंद झाला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? रोज संध्याकाळी घरी आल्यावर सांगायला त्या माणसाकडे एवढंच होतं. ते काढून घेतलं असतं तर जेवताना कशावर बोलले असते?" आणि मग, आवाज न बदलता, "पत्र बरोबर आणलंत ना? चारच्या आत जा."

पावणेचारला ते पुन्हा सहा नंबरच्या खिडकीपुढे होते. बाईंनी नवं पत्र वाचलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. आता हुद्दाही बदलला, पगारही बदलला. आता जुळतंय, असं कर्णा म्हणाला. फक्त जुन्या अर्जात वेगळं का लिहिलं त्याचं कारण द्यावं लागेल. त्यांनी पडदा अर्धा वळवून दाखवला. पाच कारणं होती, त्यांतलं एक निवडायचं. टंकलेखनातील चूक. कमावत्या व्यक्तीचा मृत्यू. आईवडील विभक्त. नोकरी गेली. नैसर्गिक आपत्ती.

मोजपट्टीने यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. सहावं कारण असायला हवं होतं, आणि देशातल्या निम्म्या अर्जदारांना तेच लागलं असतं. पण यादी करणाऱ्यांनी भूकंप धरला आणि फुशारकी विसरली.

तिने फटीशी वाकून विचारलं की टंकलेखनातील चूक चालेल का. चालेल, बाई म्हणाल्या, सगळे तेच निवडतात, म्हणून ते सगळे अर्ज तपासणी समितीकडे जातात आणि समितीला चाळीस दिवस लागतात. बाकीची चार कारणं इथल्या इथे मंजूर होतात. मात्र त्यांना पालकांचं स्वहस्ते निवेदन लागतं. तीन-चार ओळी. तुमच्यात कुणी वारलंय का?

"नाही," मोजपट्टी म्हणाली. घड्याळात तीन अठ्ठेचाळीस झाले होते. तिने बाबांकडे वळून हळू आवाजात मांडणी सुरू केली. नोकरी गेली असं म्हणता येणार नाही, कारण कारखान्याच्या पत्रातच नोकरी आहे असं लिहिलंय. विभक्त म्हणावं तर आईची सही लागेल. नैसर्गिक आपत्तीला तलाठ्याचा, नाही तर तशाच कुणाचा तरी दाखला...

"नोकरी गेली, हे निवड," मास्तर म्हणाले.

"पण बाबा, ती गेलेली नाही. तुम्ही रोज जाता."

"जातो ती दुसरी. माझी गेली." त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं. "कागद दे."

दुसऱ्या पत्राची आणि आईच्या पगारचिठ्ठीची प्रत हवी होती, म्हणून बाईंनी मोजपट्टीला झेरॉक्सकडे पिटाळलं. ती दालन ओलांडून दाराशी गेली. हिशेबापुरतं बोलणाऱ्या गृहस्थाने दोन बोटं वर केली. तिने मान हलवली. यंत्र गरम व्हायला वेळ लावत होतं. तिने मागे वळून पाहिलं तर नऊ रांगांच्या पलीकडे बाबा काचेसमोर वाकून उभ्याने लिहीत होते. डावा तळहात कागदावर सपाट, कापड सरकू नये म्हणून धरतात तसा. लिहून झालं. कागद फटीतून आत गेला. बाईंनी चष्मा खाली घेतला, आणि नियम होता म्हणून निवेदन मोठ्याने वाचलं.

"मी कटिंग मास्तर होतो. दोन वर्षांपूर्वी यंत्र आलं आणि माझी नोकरी गेली. आता त्याच जागी मदतनीस आहे, गठ्ठ्यांना तिकिटं लावतो. अर्जात जुना पगार आणि त्यावर चार हजार जास्त लिहिले, ते मीच लिहिले. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. बरोबर?"

मास्तर ताठ उभे राहिले. "बरोबर," ते म्हणाले, आणि हे फटीत नाही तर सरळ काचेवर म्हणाले.

मोजपट्टीने खुर्च्यांवरून नजर फिरवली. भरलेल्या खुर्च्या साधारण साठ. एक माणूस टोकन उलटसुलट करून बघत होता. दोघी बहिणी एका फोनमध्ये डोकी घालून बसल्या होत्या. पिवळ्या सदऱ्याच्या मुलाला झोप लागली होती. दोन वर्षं भविष्य निधीची भिंत बांधून, शाई संपवून, एक आख्खा मेहुणा जन्माला घालून जे जपलं, ते भर दालनात कर्ण्यावरून जाहीर झालं, आणि साठांतल्या एकानेही मान वर केली नाही.

"प्रती," यंत्राशेजारचे गृहस्थ म्हणाले.

तीन सत्तावन्नला शिक्का पडला. मंजुरीचं पत्र खिडकीच्या फटीतून बाहेर आलं तेव्हा ते गरम होतं. मोजपट्टीने त्यावरचा क्रमांक, कॉलेजचं नाव, विषय, सगळं जागेवरच तपासलं. सगळं बरोबर होतं. रकमेच्या चौकटीपाशी मात्र ती थांबली आणि तिने फटीशी वाकून बाईंना विचारलं, की आम्ही मागितलं त्यापेक्षा हे जास्त कसं. नोकरी गेलेल्यांना वसतिगृहाचा खर्चही देतो, कर्णा म्हणाला. तो नको असेल तर पुन्हा पुनर्विचाराचा अर्ज करा. अकरा कागद.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

जिना उतरताना ते दोन पायऱ्या पुढे होते. मधल्या वळणावर थांबले आणि वरच्या दाराकडे बघत म्हणाले, "त्या बाईंचा कर्णा बिघडलाय वाटतं. मागच्या रांगांपर्यंत आवाज जात नसावा."

मोजपट्टीने पत्राची घडी दप्तरात आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन शेवटपर्यंत ओढली. आपण खोटं बोललो तर त्यांना बरं वाटेल की खरं बोललो तर, याचा तिला त्या क्षणी अंदाज येईना, म्हणून तिने जे निरीक्षण होतं ते सांगितलं.

"जातो, बाबा. मी अगदी दाराशी होते. शब्दन् शब्द ऐकू आला."

"सगळं?"

"सगळं."

मास्तरांनी यावर विचार केला. मग त्यांनी विचारलं, शेवटचं, मुलीला ठाऊक नसल्याचं वाक्यही आलं का, आणि ती हो म्हणाल्यावर उरलेल्या पायऱ्या ते पूर्वी टेबलाभोवती चालत तसे उतरले, दाणदाण पाय आपटत. रस्त्यावर आल्यावर त्यांनी बसथांब्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, बस यायला दहा मिनिटं लागतील. तिने घड्याळ पाहिलं. सात लागणार होती. तिने दहाच धरली.